रोबोटचे गती-अनुमान आणि सेन्सर फ्यूजन: पीएच.डी.साठी विषय व मार्गदर्शक कसा निवडावा?

उजवे_वळण यांचा प्रश्न

नमस्कार. मी नियंत्रण अभियांत्रिकीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या शेवटच्या सत्रात आहे. प्रबंधासाठी मी चाकांच्या एका लहान रोबोटवर एक्स्टेंडेड काल्मन फिल्टर (गोंगाटाच्या मापनांतून स्थितीचे अनुमान आणि त्याची अनिश्चितता काढणारी गणिती पद्धत) लिहिला असून, चाकांचे एन्कोडर (चाकाचे फिरणे मोजणारे सेन्सर) आणि आयएमयू (त्वरण व वळण्याचा वेग मोजणारा सेन्सर) यांची वाचने एकत्र करून त्यातून रोबोटचे स्थान व दिशा काढली जाते. फिल्टर बरा चालतो, मात्र स्वतःच्या अनिश्चिततेचा जो आकडा तो देतो, तो प्रत्यक्ष चुकीच्या मानाने फारच लहान असतो. मापनांत किती नॉइज (गोंगाट) आहे हे फिल्टरला सांगणारे आकडे वाढवले की दोन्ही जुळतात, पण ते का वाढवावे लागतात याचे समाधानकारक उत्तर मला पाठ्यपुस्तकांत सापडले नाही. याच प्रश्नाच्या मागे चार-पाच वर्षे लागावे, असे आता वाटू लागले आहे.

अडचण अशी की, या क्षेत्रात नवे करण्यासारखे किती उरले आहे याचा मला अंदाज येत नाही. व्हिन्स-मोनो, ऑर्ब-स्लॅम३, फास्ट-एलआयओ२ यांसारख्या स्थान काढणाऱ्या तयार प्रणाली कोणालाही उतरवून घेता येतात आणि प्रसिद्ध डेटासेटवर त्यांची चूक काही सेंटिमीटरांत असते. दुसरीकडे, पीएच.डी.च्या जाहिराती पाहिल्या तर ‘सेन्सर फ्यूजन’ (अनेक सेन्सरची माहिती एकत्र करणे) या एकाच नावाखाली ड्रोनपासून पाणबुड्यांपर्यंत सगळे काही येते. जागा नेमक्या कुठे आणि कोणत्या स्वरूपात निघतात, त्यांतली आपल्यासाठी कोणती हे कसे ओळखावे, आणि नावावर एकही शोधनिबंध नसताना प्राध्यापकांना काय लिहावे, यावर जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

सहप्रसरण यांचे उत्तर

मी कॅमेरा आणि आयएमयू यांच्या संयोगावर पीएच.डी. करत असून आता शेवटच्या टप्प्यात आहे, त्यामुळे तुमच्या पहिल्या शंकेपुरते सविस्तर लिहितो. काल्मन यांचा मूळ निबंध १९६० चा आहे आणि अपोलो यानांच्या दिशादर्शनात त्या पद्धतीचा उपयोगही झाला. तेव्हापासून ‘हा विषय आता संपला’ असे म्हणणारे अधूनमधून भेटतच आले आहेत. डेटासेटवरील सरासरी चूक एवढाच निकष धरला तर त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. प्रश्न उरतो तो त्या डेटासेटच्या बाहेर.

युरॉक हा २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला डेटासेट घ्या. त्यातील ड्रोनवर सेकंदाला २० चित्रे घेणारे दोन कॅमेरे आणि सेकंदाला २०० वाचने देणारा आयएमयू आहे. सगळे हार्डवेअरच्या पातळीवर एकाच घड्याळाशी बांधलेले आणि काळजीपूर्वक कॅलिब्रेट केलेले. आता असे समजा की तुमच्या रोबोटवर कॅमेरा आणि आयएमयू यांच्या वेळेत १० मिलिसेकंदांचा फरक आहे, जो यूएसबीने जोडलेल्या साध्या कॅमेऱ्याच्या बाबतीत काही विशेष नव्हे. रोबोट सेकंदाला १ रेडियन या वेगाने वळत असेल, तर तेवढ्या वेळात तो अर्ध्या अंशाहून थोडा अधिक वळलेला असतो. नाभीय अंतर (फोकल लेंग्थ) सुमारे ४५० पिक्सेल असलेल्या कॅमेऱ्यात याचा अर्थ चित्रातील प्रत्येक खूण अपेक्षेपेक्षा साडेचार पिक्सेल बाजूला दिसणार. फिल्टरला मात्र आपण सांगितलेले असते की मापनातील नॉइज एका पिक्सेलच्या आसपास आहे. शिवाय ही चूक यादृच्छिक नाही. रोबोट डावीकडे वळला की ती एका बाजूला आणि उजवीकडे वळला की दुसऱ्या बाजूला जाते. नॉइजचा आकडा फुगवून तुमचा फिल्टर जुळतो तो बहुधा अशाच एखाद्या न मांडलेल्या चुकीमुळे. एन्कोडर आणि आयएमयू यांच्या वेळा कोण नोंदवते, वाचन झाल्याच्या क्षणी की ते संगणकापर्यंत पोहोचल्यावर, हे आधी तपासा.

दुसरे कारण अधिक खोल आहे आणि माझ्या मते तुमच्या पीएच.डी.चा विषय तिथेच दडलेला आहे. फक्त कॅमेरा व आयएमयू असताना रोबोटचे जगातील निरपेक्ष स्थान आणि उभ्या अक्षाभोवतीची दिशा कोणत्याही मापनातून कळू शकत नाही, म्हणजे चार दिशांमध्ये (स्थानाचे तीन अक्ष आणि ही एक दिशा) माहिती मुळातच उपलब्ध नसते. एक्स्टेंडेड काल्मन फिल्टर मात्र प्रत्येक वेळी नव्या अनुमानाभोवती रेषीयीकरण करतो (वक्र समीकरणाच्या जागी जवळचे सरळ रूप घेतो), आणि निरनिराळ्या बिंदूंवर केलेल्या या रेषीयीकरणांची बेरीज होता होता त्याला उभ्या अक्षाभोवतीच्या दिशेबद्दल नसलेली माहिती मिळाल्याचा भास होतो. सहप्रसरण, म्हणजे फिल्टरने स्वतः सांगितलेली अनिश्चितता, आक्रसते, चूक तशीच वाढत राहते. २००८ मध्ये हुआंग, मौरिकिस आणि रुमेलिओटिस यांनी जेकोबियन, म्हणजे रेषीयीकरणातील अवकलजांचे मॅट्रिक्स, नेहमी पहिल्या अनुमानावरच काढण्याचा उपाय मांडला. पुढे बॅरो आणि बोनाबेल यांनी फिल्टरच्या चुकीची व्याख्याच ली समूहाच्या (फिरणे-सरकणे मांडणाऱ्या सलग गणिती रचनेच्या) भाषेत बदलून इन्व्हेरियंट फिल्टरची बैठक पक्की केली. त्यांचा प्रमुख निबंध २०१७ चा. ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठात रॉबर्ट महोनी यांच्या गटाने सममितीवर आधारलेला इक्विव्हेरियंट फिल्टर विकसित केला, आणि क्लागेनफुर्ट येथे स्टेफान वाइस यांचा गट त्याच धाग्यावर काम करतो. आयएमयूचे बायस (वाचनात सतत मिसळलेली, हळूहळू बदलणारी चूक) या समूहरचनेत नीट कसे बसवावेत, ही गोष्ट अजूनही पूर्णपणे मिटलेली नाही. नियंत्रणशास्त्राचा विद्यार्थी या वाटेने लवकर आत शिरतो, कारण निरीक्षणक्षमता (मापनांतून काय कळू शकते आणि काय नाही) हा त्याच्या हातचा विषय असतो.

उरलेल्या दिशांबद्दल थोडक्यात. चाकांच्या रोबोटवर कॅमेरा-आयएमयू लावला की वेगळाच पेच उभा राहतो: तो एकसमान त्वरणाने चालला तर एका कॅमेऱ्यातून अंतराचे प्रमाण कळत नाही आणि न वळता सरळ गेला तर झुकावही कळत नाही, असे २०१७ मध्ये मिनेसोटाच्या गटाने दाखवले. लांब, गुळगुळीत बोगद्यात लायडारला (लेसरने अंतर मोजणाऱ्या सेन्सरला) पुढे-मागे काय झाले हे समजत नाही. चालणाऱ्या रोबोटमध्ये पाय जमिनीवर स्थिर आहे हे गृहीतकच घसरते. धूर आणि धूळ असेल तेथे रडार उपयोगी पडतो, कारण डॉप्लर परिणामामुळे तो वेग थेट मोजतो, पण त्याची चित्रे अतिशय विरळ आणि गोंगाटाची असतात. यांपैकी प्रत्येकात एक-दोन पीएच.डी. सहज सामावतील.

दीर्घवर्तुळ यांचे उत्तर

वरील उत्तराशी मी सहमत आहे. मी विद्यापीठात शिकवतो आणि पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मार्गदर्शन करतो, म्हणून जागांच्या स्वरूपाबद्दल लिहितो. अर्ज करणाऱ्यांचा सर्वांत जास्त गोंधळ तिथेच उडालेला दिसतो.

जर्मनी, स्वित्झर्लंड, नेदरलँड्स, नॉर्वे, स्वीडन या देशांत पीएच.डी. ही बहुतेक वेळा नोकरी असते. प्राध्यापकाकडे प्रकल्प मंजूर होतो, त्यातून जागा निर्माण होते, तिची जाहिरात निघते आणि निवड झालेला उमेदवार पगारी कर्मचारी म्हणून रुजू होतो. जर्मनीत ही नेमणूक सामान्यतः सार्वजनिक सेवेच्या ई-१३ या वेतनश्रेणीवर असते, पूर्ण किंवा अंशकालीन. अशा जागा वर्षभर केव्हाही निघतात, त्यांना पदव्युत्तर पदवी लागते, आणि विषय बऱ्याच अंशी आधीच ठरलेला असतो. अमेरिकेत याच्या उलट चालते: विभागाकडे अर्ज करायचा, त्याची मुदत बहुधा डिसेंबरमध्ये संपते, पदवीनंतर थेट प्रवेशही मिळू शकतो, पहिली एक-दोन वर्षे अभ्यासक्रम आणि पात्रता परीक्षा यांत जातात, आणि एकूण कालावधी पाच ते सहा वर्षांपर्यंत जातो. विषय हळूहळू ठरतो, हा त्याचा फायदा. ब्रिटन आणि ऑस्ट्रेलियात विद्यावेतनाची पद्धत आहे आणि कालावधी साधारण साडेतीन ते चार वर्षे धरला जातो; तेथे परदेशी विद्यार्थ्याचे शुल्क कोण भरणार हे पहिल्याच पत्रव्यवहारात स्पष्ट करून घ्यावे, कारण ‘विद्यावेतन आहे’ याचा अर्थ ‘शुल्क माफ आहे’ असा होतोच असे नाही.

युरोपात आणखी एक वाट आहे, ती म्हणजे मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी कार्यक्रमातील डॉक्टरल नेटवर्क. यात अनेक विद्यापीठे आणि कंपन्या मिळून दहा-पंधरा जागा एकदम काढतात, वेतन चांगले असते आणि काही महिने दुसऱ्या संस्थेत काढावे लागतात. अट एवढीच की, नेमणुकीच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात तुम्ही १२ महिन्यांपेक्षा अधिक राहिलेले नसावे. परदेशात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले चांगले विद्यार्थी नेमके या अटीपाशी अडतात, कारण ज्या देशात शिकले तिथलीच जागा त्यांना हवी असते.

गटांची नावे घ्यायचीच तर विषयानुसार घ्यावीत. फिल्टरची सुसंगतता (त्याने सांगितलेली अनिश्चितता प्रत्यक्ष चुकीशी जुळणे) आणि निरीक्षणक्षमता यांसाठी मिनेसोटा व डेलावेअर विद्यापीठे, पॅरिसची मीन्स ही संस्था, आणि वर आलेले महोनी व वाइस यांचे गट, सतत-काळातील अनुमान आणि रडार यांसाठी टोरोंटोमधील टिम बारफूट यांचा गट, फॅक्टर ग्राफसाठी (सर्व मापनांचे एकत्र जाळे मांडून अनुमान काढण्याची पद्धत) जॉर्जिया टेक, जेथे जीटीसॅम ही लायब्ररी घडली, ड्रोन आणि इव्हेंट कॅमेऱ्यांसाठी (फक्त प्रकाशातील बदल नोंदवणारे कॅमेरे) झुरिक विद्यापीठ, लायडारसाठी बॉन, चालणाऱ्या रोबोटसाठी ऑक्सफर्ड, ईटीएच झुरिक आणि मिशिगन, दृश्य स्लॅमसाठी (कॅमेऱ्याने नकाशा बनवत त्यातच स्वतःचे स्थान काढणे) झारागोझा. लिंशोपिंगचा नियंत्रण विभाग सेन्सर फ्यूजनसाठी फार पूर्वीपासून ओळखला जातो आणि नियंत्रणाच्या विद्यार्थ्यांनी तो अवश्य पाहावा. संगणकशास्त्राच्या यादीत शोधणाऱ्यांच्या नजरेतून असे विभाग निसटतात. नामांकित गटात जागा मिळाली नाही म्हणून खट्टू होण्याचे कारण नाही. अशा गटांतून बाहेर पडलेले अनेक जण आता स्वतः नव्याने प्राध्यापक झालेले आहेत, त्यांच्याकडे विद्यार्थी कमी आणि वेळ जास्त असतो. त्यांची नावे शोधण्याचा सोपा मार्ग म्हणजे तुम्हाला आवडलेल्या निबंधाचा पहिला लेखक सध्या कुठे आहे ते पाहणे.

एक गोष्ट उमेदवार विसरतात. दिशादर्शन हे दुहेरी उपयोगाचे तंत्रज्ञान मानले जाते, म्हणजे नागरी आणि लष्करी दोन्ही. त्यामुळे काही देशांत व्हिसाच्या आधी विषयाची छाननी होते. ब्रिटनमध्ये अनेक देशांच्या नागरिकांना त्यासाठी ‘अ‍ॅटास’ हे वेगळे प्रमाणपत्र घ्यावे लागते. संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या काही प्रकल्पांत परदेशी विद्यार्थ्याला घेताच येत नाही. प्राध्यापकाने उत्तर दिले नाही तर त्यामागे हेही कारण असू शकते.

जमिनीवरचा_लायडार यांचे उत्तर

मी पीएच.डी. करून आता गोदामातील स्वयंचलित वाहनांवर काम करतो. वरील दोन्ही उत्तरे विद्यापीठाच्या बाजूने लिहिलेली आहेत, म्हणून थोडा मतभेद नोंदवतो. फिल्टरची सुसंगतता हा सुंदर विषय आहे, परंतु प्रत्यक्षात वाहने थांबतात ती बहुधा त्यामुळे नव्हे. सेन्सरचा स्क्रू सैल होऊन त्याचा कोन बदलतो, तापमान वाढले की आयएमयूचा बायस सरकतो, एखादे चाक झिजून त्याचा व्यास कमी होतो. वाहनाला हे चालता चालताच कळले पाहिजे आणि ‘आता माझ्यावर विश्वास ठेवू नका’ असे त्याने वेळेवर सांगितले पाहिजे. काम चालू असतानाच होणारे कॅलिब्रेशन आणि दोषाची ओळख यांवर पीएच.डी. केलेल्या माणसाला आम्ही डोळे झाकून मुलाखतीला बोलावतो.

शिकणाऱ्या पद्धतींबद्दल कोणीच लिहिले नाही याचेही आश्चर्य वाटले. २०२० मध्ये आलेल्या टीएलआयओसारख्या कामात न्यूरल नेटवर्क फक्त आयएमयूच्या वाचनांवरून विस्थापन आणि त्याची अनिश्चितता सांगते, आणि ते उत्तर फिल्टरला मापन म्हणून दिले जाते. त्याच वर्षी बोनाबेल यांच्या गटाने नेटवर्ककडून मोटारीच्या फिल्टरमधील नॉइजचे आकडे क्षणोक्षणी बदलून घेतले. प्रश्नकर्त्याने हाताने फुगवलेले आकडे तिथे शिकून घेतले जातात, एवढाच काय तो फरक. भौतिकी सोडून सगळे नेटवर्कवर टाकणाऱ्या प्रस्तावांबद्दल मी साशंक आहे. पण या मधल्या वाटेकडे पाठ फिरवू नये.

कंपनीच्या पैशावर पीएच.डी. करायची झाल्यास करारातील एक कलम नीट वाचा: निबंध प्रसिद्ध करण्यापूर्वी कंपनी तो किती काळ अडवू शकते, आणि डेटा खुला करता येईल का. डेटा कधीच बाहेर येणार नसेल, तर तुमचे निकाल इतर कोणाला पडताळता येत नाहीत आणि निबंध परीक्षकांकडे अडकून राहतात.

उजवे_वळण यांचा प्रतिसाद

तिघांचेही मनःपूर्वक आभार. वेळ नोंदवण्याच्या पद्धतीची सूचना लगेच तपासून पाहिली. आयएमयूचे वाचन संगणकावर पोहोचल्यावरच त्यावर वेळेचा शिक्का बसतो, म्हणजे शंका घेण्यास पूर्ण वाव आहे. एक गोष्ट मात्र अजून स्पष्ट होत नाही. सुसंगततेवर काम करायचे आहे असे मी पत्रात लिहिले, तर ते इतर शेकडो पत्रांपेक्षा वेगळे कसे ठरेल? माझ्याकडे ड्रोन नाही, लायडार नाही आणि विद्यापीठातील रोबोट या सत्रानंतर परत द्यावा लागणार आहे.

सहप्रसरण यांचे उत्तर

यासाठी कोणत्याही हार्डवेअरची गरज नाही. डेलावेअर विद्यापीठाच्या ओपनव्हिन्स या खुल्या कॅमेरा-आयएमयू प्रणालीत सिम्युलेटर आहे आणि खऱ्या मार्गाशी तुलना करण्याची साधनेही सोबत येतात. त्यात पहिल्या अनुमानावर जेकोबियन काढण्याची सोय एका पर्यायाने चालू-बंद करता येते. एकच मार्ग घ्या, नॉइजची यादृच्छिक बीजे (रँडम सीड) बदलून तो अनेकदा चालवा, एकदा सोय चालू ठेवून आणि एकदा बंद करून. प्रत्येक क्षणी चुकीचा वर्ग सहप्रसरणाने भागून, म्हणजे सहप्रसरणाच्या व्यस्त मॅट्रिक्सने तोलून, सर्व फेऱ्यांची सरासरी काढा. दिशेसाठी तीन अक्ष असल्याने फिल्टर प्रामाणिक असेल तर हा आकडा ३ च्या आसपास राहायला हवा. सोय बंद केल्यावर तो ३ च्या वर चढताना दिसेल. उभ्या अक्षाभोवतीची दिशा वेगळी काढून पाहिली तर वाढ मुख्यतः तिथेच आहे हेही दिसेल. एवढे झाल्यावर एक पाऊल पुढे जा: सिम्युलेटरच्या मापनांत १० मिलिसेकंदांचा फरक मुद्दाम घाला, वेळेचे ऑनलाइन कॅलिब्रेशन बंद ठेवा आणि पाहा की नॉइज किती फुगवल्यावर तो आकडा पुन्हा ३ वर येतो, तसेच तो सरळ चालण्यात आणि वळणात सारखाच येतो का. तुमच्या प्रबंधातील मूळ प्रश्नच आता मोजता येण्याजोग्या रूपात तुमच्यासमोर येईल. दोन आलेख आणि एक पान मजकूर पुरेसा आहे. कोड सोबत खुला ठेवा.

पत्रात ‘आपल्या थोर कार्याने मी प्रभावित झाले’ यासारखी वाक्ये नकोत. पहिल्या परिच्छेदात त्यांच्या एका निबंधातील नेमके गृहीतक आणि ते मोडले की काय होते याबद्दल तुमचे निरीक्षण, दुसऱ्यात तुमची पार्श्वभूमी आणि केव्हापासून रुजू होऊ शकता ते, शेवटी त्या पानाचा दुवा. प्राध्यापक असे पत्र मोबाइलवर दोन बैठकांच्या मध्ये वाचतात, त्यामुळे ते पडदा न सरकवता संपले पाहिजे.

दीर्घवर्तुळ यांचे उत्तर

पत्राबद्दलची सूचना योग्य आहे. त्यात एवढीच भर घालतो की मुलाखत ही दोन्ही बाजूंनी असते. प्राध्यापकांना विचारा की प्रकल्पाचा निधी किती वर्षांचा आहे आणि तो तुमच्या पदवीच्या आधी संपला तर पुढची सोय काय. विद्यार्थ्यांना मात्र प्राध्यापक हजर नसताना विचारा: सेन्सरचे वायरिंग, ड्रायव्हर आणि डेटा गोळा करणे यांत आठवड्याचे किती दिवस जातात, त्या कामाला निबंधात लेखक म्हणून श्रेय मिळते का, आणि खऱ्या मार्गाचे मोजमाप करण्यासाठी प्रयोगशाळेत मोशन कॅप्चर (कॅमेऱ्यांनी हालचाल मोजणारी यंत्रणा) किंवा सर्व्हेचे टोटल स्टेशन (कोन व अंतर मोजणारे उपकरण) आहे की दर वेळी उसने आणावे लागते. सुसंगततेवर काम करणाऱ्यासाठी शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण खरे मूल्य विश्वासार्ह नसेल तर ३ या आकड्याशी तुलना करण्यालाच काही अर्थ उरत नाही. गेल्या काही वर्षांत त्या गटातून पदवी घेतलेले विद्यार्थी कुठे गेले, आणि किती जण अर्ध्यातून सोडून गेले, याची माहितीही याच भेटीत मिळते. संकेतस्थळावर फक्त पदवी पूर्ण केलेल्यांची नावे असतात.